अर्धा स्वर वर

४ सप्टेंबर

ठेंगूबाईस,
आशीर्वाद, आणि सोबत थोडा ओरडा.

तुझं कार्ड मिळालं. त्यात एवढंच की 'वृंद माझ्या हाती दिलाय, काळजी करू नकोस.' काळजी करू नकोस असं कुणी लिहिलं की माणूस हमखास काळजीला लागतो, एवढं तुला एव्हाना कळायला हवं होतं. फोन कर म्हणशील, तर नाही करणार. फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतेस. कागदावर मात्र तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहायचं.

मला कळलंय ते असं. समितीने तुला डिसेंबरच्या कार्यक्रमापुरतं ठेवलंय. मग ठरणार, आपला बस डेपोचा गायकवृंद तुझ्याकडे राहायचा की संगीत कॉलेजातल्या त्या सरांकडे जायचा. मॅनेजरसाहेबांचं मलाही पत्र आलंय, की तीस वर्षं वृंद तुम्ही चालवलात, तर कार्यक्रम झाल्यावर तुमचं मत कळवा, त्यावरच ठरवू. मी मत देणार. भाची म्हणून अर्धा मार्कही वाढवून मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

इथे मुलाच्या घरी मी दिवसभर खुर्चीत. कमरेचं हाड जुळतंय, पण सावकाश. सूनबाई गुणाची आहे, फक्त भांडी घासताना गुणगुणते आणि दर ओळीला घसरते. मी गप्प बसते. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते.

आता कामाचं ऐक. शेवटी 'पहिली गाडी' हे गाणं करणार असशीलच. पियानोमास्तरांनी ते आपल्या माणसांसाठीच बांधलंय. सुरुवात आपल्या भोंगा ड्रायव्हरची, एकट्याची, खर्जात, गाव झोपलेलं. मग एकेक आवाज जागा होतो, आणि शेवटच्या कडव्याला गाडी सुरू होते, म्हणजे पियानो येतो, दोन्ही हातांनी, दणक्यात. तोवर साथ म्हणून काही नाही, नुसते गळे. आणि सभागृहात गेलं की आपले गळे तेवढ्या वेळात अर्धा स्वर खाली उतरतात. दर वर्षी उतरतात. भीतीने उतरतात. पियानो काही खाली उतरून त्यांना घ्यायला येत नाही. तेव्हा माझी युक्ती लक्षात ठेव. गाण्याआधी सूर द्यायला शिट्टी हळूच फुंकशील ना, ती अर्धा स्वर वर फुंक. कुणाला सांगू नकोस. ते वर निघतात, घसरत घसरत बरोब्बर पियानोच्या पुढ्यात येऊन थांबतात. तीस वर्षांच्या टाळ्या त्या अर्ध्या स्वरावर उभ्या आहेत.

तुझी आत्या


२१ सप्टेंबर

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार. ओरडा पोचला, जपून ठेवला आहे.

कॅन्टीनमध्ये तालमी सुरू झाल्यात. तू म्हणायचीस तसंच आहे सगळं. बाकं भिंतीला लावायची, चहाच्या कपांचा ट्रे पियानोवरून उचलायचा, आणि ज्यांची पाळी संपली ते गणवेशातच, ज्यांची लागायची ते घड्याळाकडे बघत गातात. मी कुणालाच दिसत नव्हते म्हणून मेकॅनिकांनी मला बाटल्यांचं एक रिकामं खोकं आणून दिलं. त्यावर चढले की मी तुझ्या खांद्याएवढी होते. अजून सगळे मला तुझ्याच खांद्याशी मोजतात.

खरं सांगू? प्रत्येक ओळीला कुणीतरी म्हणतं, बाई इथे थांबायच्या. बाई इथे डावा हात असा करायच्या. भोंगाकाका काही म्हणत नाहीत. डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर, आवाज सायरनसारखा, आणि माझ्या हाताकडे बघतच नाहीत. ते माझ्या डोक्याच्या वर बघतात, जिथे तुझं डोकं असायचं.

पण एक आनंदाची बातमी. काल 'पहिली गाडी' सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालं, आणि पियानो आला तेव्हा सूर तंतोतंत जुळला. केसभरही कुणी उतरलं नाही. तेव्हा तुझा अर्धा स्वर बहुतेक लागायचा नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

तुझी ठेंगू


२८ सप्टेंबर

ठेंगे,

वाचून हसले, कमर दुखेपर्यंत. अगं, कॅन्टीनमध्ये ते कधीच उतरत नाहीत. तिथे ते वाघ असतात. सभागृहात समोर माणसं दिसली की शेळ्या होतात. तीस वर्षं बघतेय. तू काकण दाखवू नकोस, शिट्टी वर फुंक.

पत्रात तिकिटबाईचं नाव कुठेच नाही. वरच्या आवाजांची ती म्होरकी, आणि तू तिच्याबद्दल एक अक्षर लिहीत नाहीस, म्हणजे काहीतरी बिनसलंय. ती काय म्हणतेय ते लिही. उंटावरून शेळ्या हाकते म्हण हवं तर, पण शेळ्या माझ्या आहेत.

आत्या


१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,

उशीर झाला. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आता आहे, पण तुला आवडेल की नाही देव जाणे.

तिकिटबाईंचं तू बरोबर ओळखलंस. त्या पहिल्या दिवसापासून म्हणतायत की कॉलेजातले सर आले तर वृंदाला वजन येईल. गेल्या आठवड्यात त्यांना पुरावाही मिळाला. कॅन्टीनच्या भिंतीपलीकडे वर्कशॉप आहे, तिथला धूर ओढणारा मोठा पंखा जळाला. त्या संध्याकाळी तालीम होती. 'पहिली गाडी' निम्म्यावर येईपर्यंत मला पायाखालचं खोकं हलल्यासारखं वाटायला लागलं. सगळेच खाली चाललेले, सावकाश, एकमेकांना धरून. पियानोमास्तरांनी सूर लावला आणि लगेच हात उचलले. कुणी हसलंही नाही. तिकिटबाई म्हणाल्या, "बाईंच्या हातात असं झालं नव्हतं." ते खरंच होतं.

या आठवड्यात पंखा दुरुस्त झाला. मी तालमीच्या आधी एकटीच कॅन्टीनमध्ये बसले होते. पलीकडे तो सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी शिट्टी काढून फुंकली. आत्या, पंखा बरोबर आपल्या गाण्याच्या सुरावर घुमतो. मास्तरांनी गाणं कॅन्टीनमध्येच बसून बांधलं, त्यांच्याही कानात तोच सूर असणार. आणि आपली माणसं तीस वर्षं नकळत त्याला टेकून गातायत. सभागृहात भीतीने नाही उतरत ती. तिथे टेकायला पंखा नसतो एवढंच. भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्याला वाटतं, आपले पाय किती बळकट.

म्हणजे त्यांचे पाय बळकट करायला हवेत. अर्धा स्वर वर देणं म्हणजे ती पडणार हे धरून चालणं. मला ते धरून चालायचं नाही.

ठेंगू


२४ ऑक्टोबर

ठेंगूबाईसाहेब,

कानामागून आली आणि तिखट झाली, ती तू.

म्हणजे तीस वर्षं माझा वृंद पंख्याच्या जिवावर गायला? ड्रायव्हरांच्या घशातून डिझेलचा धूर काढून मी सूर घातला. ज्यांना घरी कुणी 'जरा हळू बोला' म्हणायचं, त्यांना मी हळू गायला शिकवलं. आणि श्रेय पंख्याला. सूनबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, आई, ती तुम्हाला कमी लेखत नाहीये. मी तिला भांडी घासायला पाठवलं.

तुझं म्हणणं खरंही असेल. मी खोटं म्हणत नाही. पण पन्नाशीच्या माणसांचे पाय दीड महिन्यात बळकट होत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी आहे ते. तुझ्याकडे हा एकच कार्यक्रम आहे. पियानो दणक्यात आला आणि तुमचा सूर खाली असला, तर समोर बसलेल्या समितीला संगीतातलं ओ की ठो कळत नसलं तरी एवढं कळेल. मग मीच काय, कुणीही तुझ्या बाजूने लिहू शकणार नाही. मला तुझ्या विरुद्ध लिहायला लावू नकोस.

अर्धा स्वर वर. हा सल्ला नाही.

आत्या


२२ नोव्हेंबर

ती. आत्यास,

महिना झाला. रागावून गप्प नव्हते, घसा बसला होता आणि वेळही नव्हता. आम्ही कॅन्टीन सोडलं. आता तालीम बसमध्ये होते.

हसू नकोस. डेपोच्या मागच्या आवारात, पंख्यापासून लांब, भंगारात निघालेली एक जुनी गाडी उभी आहे. काचा बंद केल्या की आत इतकं शांत होतं की शेजारच्याचं पोट वाजलेलं ऐकू येतं. वृंद सीटवर बसतो, मी पुढे काचेकडे पाठ करून उभी, आणि खोक्याची गरज नाही कारण इंजिनाच्या झाकणावर चढता येतं. पहिल्या दिवशी एक मेकॅनिक दारातून डोकावून विचारून गेला की तिकिटं कोण फाडणार. भोंगाकाकांना मागच्या सीटवर बसवलं, तर ते म्हणाले मला गाडी लागते. उभ्या गाडीत! आयुष्यभर पुढे बसलेला माणूस. शेवटी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर मागे तोंड करून बसवलं, माझ्या अगदी शेजारी. आता त्यांना माझ्या डोक्याच्या वर बघता येत नाही.

पहिले दोन आठवडे रोज खाली. मी गाणं थांबवायचे आणि कुठे घसरलो ते मी न सांगता त्यांनाच शोधायला लावायचे. एकदा तिकिटबाईंनी शोधलं. डोळे मिटून बसल्या होत्या, एकदम म्हणाल्या, "इथे. आपण इथे श्वास घेतो आणि नवा श्वास जुन्यापेक्षा जड असतो." कॉलेजात कुणी इतकं नेमकं सांगेल का मला शंका आहे. त्या दिवसापासून सरांचं नाव त्यांनी काढलेलं नाही. वरच्या रांगेत कुणी ढिलं पडलं की त्याच चिमटा काढतात.

परवा गाणं पूर्ण झालं. मास्तर पियानो बसमध्ये आणू शकत नाहीत, म्हणून शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी मी शिट्टी फुंकली. सूर जागच्या जागी होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते त्यांना दिसू दिलं.

मी खरा सूर देणार आहे, आत्या. तुला आधी कळवते, कारण तुझ्यापासून लपवून जिंकण्यात मला मजा नाही. कदाचित उतरतील. बस म्हणजे सभागृह नव्हे. पण मग उतरू देत.

ठेंगू


२७ नोव्हेंबर

ठेंगू,

ठीक आहे. तुझा वृंद, तुझी शिट्टी. मी आता यात काही बोलणार नाही.

घसा सांभाळ, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पोटभर खा. रिकाम्या पोटी हात थरथरतो.

आत्या


१० डिसेंबर

आत्या,

आज मायना नाही. आधी काय झालं ते वाच.

काल सभागृह भरलेलं होतं. ड्रायव्हरांच्या घरची माणसं, शेजारच्या डेपोतली माणसं, पहिल्या रांगेत समिती, मॅनेजरसाहेबांच्या शेजारी कॉलेजातले सर. पहिली चार गाणी बरी झाली. मग 'पहिली गाडी'. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. मी पाठमोरी होऊन शिट्टी फुंकली, खरा सूर. भोंगाकाकांकडे बघून हात उचलला.

त्यांनी सुरुवात केली नाही.

ते माझ्याकडे बघत होते. डोक्याच्या वर नाही, माझ्याकडे. ओठ मिटलेले. मला वाटलं शब्द विसरले. सभागृहात कुणीतरी खोकलं. माझा हात तसाच हवेत. मग त्यांनी श्वास घेतला आणि माझा सूर घेतला, नेमका, जमिनीतून आल्यासारखा. मधले आवाज आले, वरचे आले. तिकिटबाई त्या जड श्वासाच्या जागी हसल्या, मला दिसलं. मी काही ऐकत नव्हते खरं तर, नुसती सूर धरून उभी होते. शेवटचं कडवं आलं, मी मास्तरांना हात दिला, आणि त्यांनी पियानो दणकावला.

जुळला. आत्या, असा जुळला की मास्तर वाजवता वाजवता मोठ्याने 'वा' म्हणाले, सगळ्यांना ऐकू गेलं. गाडी सुटली. टाळ्यांचं तुला सांगत नाही, तू खूप ऐकल्या आहेस.

परतीच्या बसमध्ये भोंगाकाका माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "बाईंचा फोन होता, आठवड्यापूर्वी. म्हणाल्या, ती कुठलाही सूर देऊ दे, तू अर्धा वर घे. पोरीची नोकरी वाचव."

मी विचारलं, मग?

"मी हो म्हणालो होतो. तीस वर्षांत त्यांना नाही म्हटलेलं नाही."

"मग तसं का नाही केलंत?"

त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, "तुम्ही सूर दिलात की."

एवढंच. मग त्यांना झोप लागली.

तू माझ्यामागे हे केलंस, त्याचा मला राग आला होता, जुन्या पुलापर्यंत. कारण कुणीच खाली आलं नाही. ते वर निघाले असते तर वरच राहिले असते, आणि पियानो आल्यावर तुझ्याच युक्तीने माझा निकाल लागला असता. पण नंतर राग टिकेना. माझ्यासाठी तू तुझा फोन न करण्याचा नेमही मोडलास. आणि तो माणूस तुझा शब्द आणि माझी शिट्टी यांच्यामध्ये सगळ्या सभागृहासमोर उभा होता. मला आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. त्याचा वाटला. माझाही वाटला, खोटं कशाला सांगू.

समितीची बैठक सोमवारी आहे. तुझं मत आलं नाही असं मॅनेजरसाहेब म्हणत होते. जे वाटतं तेच लिही.

ठेंगू


१४ डिसेंबर

ठेंगू,

माफी मागणार नाही. सवय नाही, आणि आता या वयात नवं काही शिकायला कमर साथ देत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकटी होते. 'त्यांनी सुरुवात केली नाही' इथे कागद खाली ठेवला. पुढचं वाचवेना. मला वाटलं, मीच बुडवली पोर. सूनबाई बाहेरून आली, माझ्याकडे बघितलं, पत्र उचललं आणि पुढचं तिने वाचलं. मोठ्याने. पियानो जुळला तिथे ती रडली. तिला गाण्यातलं काही कळत नाही, पण माणसातलं कळतं, हे मला इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. मग मीही रडले. लपवत नाही.

भोंग्याचा फोन आला नाही मला. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं असेल त्याला. मीच काल केला. उचलल्या उचलल्या म्हणतो, "बाई, चूक झाली." मी म्हटलं, "मेल्या, तीस वर्षांत पहिल्यांदा तू बरोबर केलंस." ड्रायव्हर लोकांना असं बोललेलं झेपत नाही. मग म्हणाला, तुमची भाची बुटकी आहे पण लांबून दिसते. हे त्याचं कौतुक. जपून ठेव, पुन्हा करायचा नाही तो.

मी कायम दुसऱ्यांदा विचार न करता चालणारी बाई. पण या दोन दिवसांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा मनात आली. माझी माणसं माझ्यावर विश्वास ठेवत होती आणि मी त्यांना अर्धा स्वर वर देत होते. छान चाललं, टाळ्या मिळाल्या, त्याची मला लाज नाही. ती पाच गाणी गात घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी सरळ मानेने गाडी काढायची, ते मी केलं. पण ती स्वतःच्या पायांवर उभी राहतील असं मला कधी वाटलं नव्हतं. तुला वाटलं. बटाट्याएवढी होतीस तेव्हापासून हट्टी. शेराला सव्वाशेर भेटली, आणि ती माझ्याच घरातली निघाली, याहून बाईमाणसाला काय हवं.

आता समितीचं. मॅनेजरसाहेबांना परवाच लिहून टाकलं. सूनबाईने पोस्टात टाकलं, त्यामुळे सोमवारच्या आत मिळेल. तुला उत्सुकता असेल म्हणून मजकूर देते. फार नाही.

"साहेब, आपण माझं मत मागितलंत. या बाईंच्या बाबतीत माझं मत घेऊ नका. परवा सभागृहात माझ्या सगळ्यांत जुन्या गायकाने ते घेतलं नाही, आणि म्हणून कार्यक्रम झाला. ज्या वृंदाला मी तीस वर्षं माझं ऐकायला शिकवलं, तो आता तिचं ऐकतो. कॉलेजातले सर विद्वान आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि बसायला चांगली खुर्ची द्या. पहिल्या रांगेत."

तुझी आत्या